पेंढा

कॉलेजातल्या प्राण्यांच्या म्युझियमला तिकीट न्हाई.
वहीत नाव लिहायचं, चप्पल दाराशी काढायची.
लिहिलं : गुरुबाळ गवळी, गंगावेस.
'येण्याचे कारण' असा एक रकाना होता,
तो मोकळाच सोडला.

नात शिवलीला पुढं पळाली, सापांकडं.
बरण्यांत साप, कासऱ्यागत गुंडाळलेले.
रंकाळ्यातलं एक कासव.
आणि दाजीपूरचा गवा, अख्खी भिंत अडवून,
काचेच्या डोळ्यांवर धूळ.
"आजोबा, ह्याच्या आत काय असतंय?"
पेंढा, म्हटलं.

ते मला कुणी शिकवायला नको.
रेडकू मेलं की कातडं सोलून पेंढा भरायचा,
चार काटक्यांचे पाय करायचे,
म्हशीच्या तोंडाशी नेऊन ठेवायचं.
ती हुंगती. चाटती.
तिला कळलेलं असतंय,
डोळ्यांत दिसतंय की.
तरी पान्हा सोडती.
तिकडं कट्ट्यावर गिऱ्हाईक पेला धरून उभं,
मिशीला फेस लागला की म्हणतंय, वा!

माझं रेडकू खिडकीजवळच्या कपाटात होतं.
पुराच्या साली झालेलं, दोन तोंडांचं.
एका तोंडानं हंबरलं, तेवढंच.
इंगवले सर स्कूटरवरनं आले,
गोणपाटात गुंडाळून घेऊन गेले.
म्हणाले, पोरं शिकतील.
पेंढा भरायला कातडंच उरलं न्हाई.
चंद्री नऊ दिवस दावणीला ओरडली,
मग आटली.

बरणीत अजून तसंच आहे.
केस ओले, आत्ताच चाटल्यासारखे.
चारी डोळे मिटलेले.
खाली चिठ्ठी : 'देणगीदार – गुरुपाल गवळी.'
शिवलीला म्हणाली, नाव चुकलंय, सांगूया?
राहू दे म्हटलं.
तसंही देणारा मी नव्हतो.

झाकण जरा सैल वाटलं.
कुणी बघत न्हाई बघून
दोन्ही हातांनी दाबून बसवलं.

संध्याकाळी धारंला बसलो.
म्हशीनं मान वळवून माझे हात हुंगले
आणि पान्हा चोरला.
साबण लावला. राख लावली. परत बसलो.
कट्ट्यावर सगळे खोळंबलेले.
"गुरुबाळ, आज उशीर?"
"पाहुण्याकडं गेलतो," म्हटलं,
आणि पेला धरला आचळाखाली.