तूट

जावयाने बाटली टेबलावर उभी केली तेव्हा
रात्रीचे नऊ वाजले होते आणि वरची स्लॅब अजून तापलेली.
खामल्यात वीज दोनदा जाऊन आली होती.
कुलरच्या वाळ्याचा ओला वास घरभर.
मी म्हटलं, आधी तो बंद करा,
नमुन्याच्या खोलीत दुसरा वास चालत नाही.

सगळे हसले.
एकतीस वर्षं दारू तपासली आणि घोटभर प्यायली नाही,
माझी ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ आहे.
लाखेची मोहोर लावलेल्या बाटल्या यायच्या
देवलापारहून, उमरेडहून, कधी थेट शवागारातून.
रकाने ठरलेले:
रंग, गढूळपणा, तीव्रता, मिथेनॉल आहे अथवा नाही.
चव हा रकाना आमच्या खात्यात नव्हता.

भूषण लेबल वाचून दाखवतो. केंटकी.
पीप क्रमांक बावीसशे सहा, मजला चौथा, वर्षं बारा.
आकडे कुणीतरी शाईने लिहिलेत,
सहाचं पोट जरा जास्तच फुगलंय.
एकाच पिपातली आहे, आई,
दुसऱ्या कशाचा थेंब नाही हिच्यात.

हे मला आवडतं.
भेसळीचे एवढे अहवाल लिहिले, पण
ज्याला आपला दोष शेजारच्या पिपावर ढकलता येत नाही
असं काही कधी माझ्या सहीसाठी आलं नव्हतं.

ट्यूबलाइटसमोर ग्लास धरते. जुन्या डिंकाचा रंग.
मग एक थेंब तळहातावर घेऊन चोळते,
आणि हात थांबतो,
कारण ही पद्धत माझी नाही.

सुकदेव उईके, आमचा शिपाई.
मी काचेची नळी धुवेपर्यंत तो सांगून मोकळा व्हायचा,
म्याडम, ह्याच्यात नवसागर हाय, ह्या बाईनं घाई केली,
अन् हे दुसरं, हे कोणं तरी लेकीच्या लग्नासाठी काढलेलं दिसते.
नवसागर दर वेळी निघायचा.
लग्न तपासायची सोय प्रयोगशाळेत नव्हती.

संत्र्याची साल लागते का हो, विहीणबाई विचारतात.
नाही लागत.
करपलेली साखर आहे, नव्या कपाटाचं आतलं लाकूड आहे,
आणि चार थेंब पाणी टाकल्यावर
वाळत घातलेली मोहफुलं, नाही,
त्यांच्याखालचं गोणपाट.

मग त्रेसष्टाव्या वर्षी पहिला घोट.
जीभ, टाळू, कानामागे बारीक घाम.
सावजी रश्श्यासारखी अंगावर येत नाही, बसून बोलते.
शेवटी मात्र एक कडू धागा, चघळलेल्या कडुनिंबाच्या काडीचा.
लाकूड जिंकलंय, मी म्हणते,
दोन वर्षं आधी काढायला हवी होती.
भूषणचा चेहरा पडतो. किंमत त्याने सांगितलेली नाही,
ती मुलीने मला स्वयंपाकघरात सांगितली आहे.

सावरून तो म्हणतो, पिपातून दरवर्षी थोडी उडून जाते,
तिकडे त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात.

आमच्याकडे तूट म्हणायचे, मी सांगते,
आणि टक्का ओलांडला की चौकशी लागायची.

पुन्हा सगळे हसतात.

त्या मे महिन्यात मुद्देमालाच्या खोलीत
अकरा बाटल्या गळ्याखाली उतरलेल्या निघाल्या.
पत्र्याचं छप्पर, बाहेर सेहेचाळीस.
उन्हानं उडाली साहेब, उईके म्हणाला, एवढंच म्हणाला.
मला लेखी मत मागितलं.
मोहोर शाबूत असताना इतकं बाष्पीभवन संभवत नाही,
असं मी लिहिलं, खाली आकडेमोड जोडली.
लाखेला उन्हात तडे गेले होते का,
हे मला कुणी विचारलं नाही,
मीही जाऊन पाहिलं नाही.
आकडेमोड बरोबर होती.
त्याची नोकरी गेली.

आणखी थोडी, आई?
नको, म्हणते, एवढी पुरे.

सगळे झोपल्यावर
तळाशी राहिलेली चमचाभर गच्चीच्या कठड्यावर ठेवली.
सकाळी सहाला कठडा कोमट,
ग्लास कोरडा, बुडाशी चिकट कडी.
किती उडाली, मोजलं नाही.
नाक लावलं.
गोणपाट तेवढं राहिलं होतं.