प्रश्न चौदावा

खानापुरात, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
मी शिकवतो :
वाक्य भूतकाळात निघालं
की भूतकाळातच पोचवा. मध्येच रूळ बदलू नका.

प्रश्न चौदावा. काका गोव्याला गेला
आणि दर महिन्याला पैसे – गाळलेली जागा.
उत्तरसूचीत ‘सेंट’.
वैजयंता देसूरकरनं भरलंय ‘सेंड्स’.

तिचा बाप म्हापशात, बेकरीच्या भट्टीवर.
काल जिन्यात ती फोनवर हळूच विचारत होती,
“बाबा, काय करूलालास?”
हा काळ चारही पर्यायांत नाही,
माझ्या वहीतही नाही.

लाल पेनाचं टोपण काढून बसलोय.
फुली मारली
तर ह्या महिन्याचे पैसे...

खाली वीज गेली. गिरणी थांबली,
पट्टा अजून फिरतो आहे.