तांबडं डावीकडे

चवथीच्या चार दिवस आधी
आमच्या घरात पहिलं विसर्जन टीव्हीचं.
गणपतीची जागा तीच, पूर्वेच्या कोपऱ्यातली,
माटोळीचे हूक तिथंच वाशाला ठोकलेले;
बाकीचं वर्षभर हा तिथं भाडेकरू.

दरवर्षी प्रज्योत मागून सगळं उपटतो,
पाच दिवसांनी पुन्हा खोचतो, शिव्या घालत.
यंदा त्याला रात्रपाळी, वेर्ण्याला, गोळ्यांच्या कारखान्यात.
प्रेमावती म्हणाली, "बत्तीस वर्षं बार्ज चालवलीत,
एक खोकं हलवता येत नाही?"

शिरलो टेबलामागे, बॅटरी दातात धरून.

सेट-टॉप बॉक्सची वायर, वायफायची वायर,
मेव्हण्यानं कुवेतहून आणलेला अ‍ॅम्प्लिफायर,
त्याच्या स्पीकरांची आतडी,
पालीची अंडी, एक सुपारी,
खाणी बंद झाल्या त्या महिन्याचं केबलचं बिल,
भरलेलं.

धक्क्यावर असा गुंता कुणी ठेवला असता
तर रात्री त्याला मी जेवू दिलं नसतं.
ल्हानू फडत्याचं बोट असंच गेलं, सारमानसला,
ओहोटीच्या वेळी, ढिल्या वेटोळ्यात.
तेव्हापासून माझ्या बार्जवर वेटोळं एकाच रीतीचं:
घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं, फेरावर फेर,
टोक बाहेर, अंधारातही हाताला लागेल असं.

तीन तास बसलो.
प्रेमावतीनं दोनदा चहा ठेवला, दोन्हीदा निवला.
आंतोन इलेक्ट्रिशियनकडून चिकटपट्टी आणली होती,
डावीकडच्याला तांबडी, उजवीकडच्याला हिरवी.
यात विचारायचं काय?
नदीवर पोरालाही ठाऊक असतं.

मग गणपती बसले.
पाच दिवस घुमटांना कसलीही वायर लागली नाही.

सहाव्या दिवशी जोडलं.
चित्र आलं, आवाज आला,
प्रेमावतीनं शेजारच्या मिनेझीसबाईला हाक मारून दाखवलं.
एक वायर उरली मात्र,
तिची दोन्ही टोकं मला कुठंच बसवता आली नाहीत.

रात्री कुठल्याशा परदेशी नदीचा कार्यक्रम लागला.
बोट डावीकडून उजवीकडे गेली,
तिचा भोंगा उजवीकडून डावीकडे.
"ऐकलंस?"
"काय?" प्रेमावती पाकळी पाकळी लसूण सोलत होती.

प्रज्योतला फोन केला. मागे यंत्रं धडधडत होती.
"बाबा, सॉकेटचे रंग बघितले नाहीत?
तांबडं उजवीकडे असतं. सगळ्या जगात."
म्हटलं, सगळ्या जगाच्या पाण्यावर
तांबडं डावीकडे असतं.
तो थोडा वेळ गप्प राहिला.
"मग खुर्ची उलटी फिरवून बसा," म्हणाला, आणि ठेवला.

झोप लागेना.
पिळगावात दिवे गेले होते, नदीकडून भरतीचा वास.
पूर्वी या वेळेला खालून एक तरी बार्ज
रिकाम्या पोटानं वर यायची.
अंधारात मी त्या कोपऱ्याकडे तोंड करून बसलो
आणि मग लक्षात आलं
की हा माझ्या बार्जवर नाहीच.
हा समोरून येतोय. सरळ माझ्या नाकावर.
समोरून येणाऱ्याची डावी
माझ्या उजव्या हाताला.
त्याचं तांबडं तिथंच दिसायला हवं, उजवीकडे.
पोरगा बरोबर होता, कारण माहीत नसताना.

अशा वेळी दोघांनीही थोडं उजवीकडे वळायचं असतं.
पण तो वळणार नव्हता, त्याला टेबल होतं.

उठलो. दिवा नाही, बॅटरी नाही,
बोटांनी टोकं शोधली; होती जिथं ठेवली होती तिथंच.
अदलाबदल केली.

उरलेली वायर नीट वेटोळून
माटोळीच्या रिकाम्या हुकाला अडकवली.
पुढच्या चवथीपर्यंत
कुणीतरी विचारेलच, ही कसली?