नावेचं नाव

तातय विचारतात, नावेवर काय लिहू?
ब्रश हातात, निळ्या रंगाचा डबा वाळूत रुतवलेला.
मागची नाव वादळात फुटली, ती आईच्या नावाची होती.
ही माझ्या नावाची, हे त्यांनी लाकूड घेतानाच ठरवलं.
पण कुठल्या नावाची?
डेल्मा गालिला, की डेल्मा लिंडक्विस्ट?

थांबा, म्हणते मी. अजून ठरलं नाही.

गिमारासला सकाळचे सात,
डुलुथला अजून कालचीच संध्याकाळ, पाच वाजलेले.
ऑरिन बर्फ ढकलायच्या गाडीत बसलाय,
फोन काचेला टेकवून. वायपर मध्येच त्याचा चेहरा पुसतो.
"नव्वद दिवस," तो म्हणतो.
"वाग्दत्त वधूचा व्हिसा काढू. तू आलीस की नव्वद दिवसांत
कोर्टात सही, माझी बहीण साक्षीला."

नव्वद दिवस.
मी आरोग्य केंद्रात सुईणीच्या हाताखाली असते,
काळ मला बायकांच्या पोटावरून कळतो.
नव्वद दिवस म्हणजे ओकाऱ्या थांबतात
आणि शेजारणीला अजून काही दिसत नाही, तेवढे.
मग पुढे कागद येईतो कामावर जायचं नाही,
घरी परतायचं नाही.
नेनिता गेली होती अशी, फ्रेस्नोला. आठ महिने बसून.
म्हणाली, घर गरम असतं गं,
पण साबणाला पैसे मागताना तोंड गार पडतं.

दुसरा रस्ता पत्नीचा.
आधी लग्न, इथं. मग अर्ज, मग वाट.
उतरल्या दिवसापासून काम करता येईल,
पण उतरायला दीड वर्ष, कदाचित जास्त.
दीड वर्ष म्हणजे एक आख्खं बाळंतपण
आणि वर ते पोर धरून उभं राहायला लागलेलं.
तोवर मी लग्न झालेली आणि एकटी,
नवरा तळहाताएवढ्या काचेत.

त्याला रजा चौदा दिवसांची.
दोन विमानात जातील, दहा पालिकेच्या फळ्यावर,
कारण आमची नावं दहा दिवस तिथं टांगल्याशिवाय
परवाना मिळत नाही. कुणाची हरकत असेल तर सांगावी.
उरले दोन.
त्या दोनांत लग्न, जेवण, आणि संसार.

कुठल्याही रस्त्यानं गेलं तरी सरकारला पुरावा हवाय
आमचं खरं आहे याचा.
फोटो जमवले, तिकिटं जमवली,
तीन वर्षांचे निरोप छापून घेतले, ढीग मांजराएवढा झाला.
भांडणाचा एकही फोटो निघाला नाही.
खरं तर तोच पक्का पुरावा झाला असता.

"दोन हिवाळे, डेल्मा," ऑरिन म्हणतो.
मग बराच वेळ नुसता वायपर.
मग, खाली बघत, "पहिल्या वेळी मी घाई केली होती."
हे कुठल्या बाजूनं म्हणाला, मी विचारलं नाही.
त्यालाही बहुधा ठाऊक नसावं.

तातय कुठल्याच बाजूनं बोलत नाहीत.
तुझं तू बघ, म्हणतात, आणि डुकराला खायला घालायला जातात.
दिवसातून तीनदा. पूर्वी दोनदा होतं.
विचारलं, एवढं कशाला पोसताय?
म्हणाले, बाजारात भाव येईल.
भाव मागच्या महिन्यात येऊन गेला.
तेव्हा ते छपराखाली उभे राहून
त्याची पाठ खाजवत होते.

आता परत आलेत. ब्रशवर रंग सुकायला लागलाय,
म्हणून लिहितात, डेल्मा.
अक्षरं थोरली, जरा वाकडी.
पुढची फळी कोरी ठेवून डब्याचं झाकण लावतात.
अर्ध्या नावानं मासे अडणार नाहीत, एवढं बोलून
नाव पाण्याकडे ढकलू लागतात.
मी एका हातानं हातभार लावते,
दुसऱ्या हातात फोन.

ऑरिन, मी विचारते,
रजा चौदाची सोळा होईल का?
आणि तुला डुकराचं मटण चालतं ना?

तो काहीच म्हणत नाही.
पलीकडे इंजिन बंद झाल्याचं ऐकू येतं.