सातचे पाच

सावर्ड्याच्या धक्क्यावर आमच्या कचेरीत
एकच खोली थंड होती, आणि ती माणसांसाठी नव्हती.
चपला बाहेर, खाणीची तांबडी धूळ बाहेर,
आत यंत्र, दोन आठ इंची फ्लॉप्या
आणि त्यांच्यावर नदीनं खाली गेलेलं सगळं खनिज:
बार्ज, तांडेल, तारीख, टन.

नोंद झाली की चिठ्ठी फाडायची, असा नवा नियम होता.
मुरगावचा मोजणीवाला पोर्तुगीज शाळेतला,
सातच्या पोटात आडवी रेघ मारायचा,
कुणी चुकून दुसरं काही वाचू नये म्हणून.
ती रेघ टोपलीत गेली.

नोव्हेंबरची बेरीज निघाली तेव्हा
'नवदुर्गा' इथून निघताना ७१४ टन,
तिथं पोचताना ५१४.
तांडेल इनास कार्दोझ टोपी हातात घेऊन उभा.
'दोनशे टन म्हणजे वीस ट्रक, साहेब.
खंय लिपयले? बोल्सांत?'
केंकरेसाहेबांनी पडद्यावर बोट टेकवलं:
'मशीन फट उलयना.'
त्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला होती.
मी मान हलवली.

जानेवारीत सुलक्षा तिळवे पगारपत्रक घेऊन आली.
बहात्तर रुपये भत्ता, तिनं स्वतः टाइप केलेला,
छापून आला बावन्न.
आदल्या आठवड्याच्या प्रतीत मात्र बहात्तरच.

मी धुळीला दोष दिला, मग विजेला,
मग खाऱ्या हवेला.
तारा बदलल्या, फ्लॉपी बदलली.
बघायला बसलं की चूक यायचीच नाही,
उठून चहाला गेलं की येऊन जायची.

शेवटी एका रात्री आख्खी फ्लॉपी सातांनी भरली.
लिही, वाच. लिही, वाच.
पहाटे, सहाशे अकराव्या फेरीला
सातांच्या रानात एक पाच.

सात म्हणजे आत तीन दिवे पेटलेले.
मधला विझला की पाच.
इतकंच.

प्रणालीच्या आज्ञांचे कागद फरशीवर पसरून
मी महिनाभर रांगलो.
घड्याळ सेकंदाला पन्नासदा दार वाजवायचं.
हातातलं लिहिणं टाकून ती उठायची,
दार उघडायची, परत येऊन बसायची,
आणि कधीतरी, हजारोंत एकदा,
आपण कुठं होतो ते विसरायची.
दोन आज्ञा घातल्या:
लिहिण्याआधी कान बंद कर,
लिहून झाल्यावर उघड.
त्यानंतर एकही सात पडला नाही.

मार्चमध्ये बस बदलत बेतुलला गेलो,
काखेत सातांनी भरलेला चाळीस फूट कागद.
इनास भाच्याच्या ट्रॉलरचं जाळं शिवत होता.
त्या पाचभोवती मी लाल शाईनं गोल केला होता.
त्यानं बघितला. सुतळी दातानं तोडली.
'साहेब परत घ्यायला तयार आहेत,' मी म्हणालो.
'आनी बाकीचे?'
मला वाटलं, अडकलेल्या पगाराचं विचारतोय.
'न्हय रे. बाकीचे सात.'

दोन वर्षांच्या फ्लॉप्या होत्या कपाटात.
त्यांच्यावर किती पाच, आणि त्यातला कुठला
जन्मापासून पाच.
चिठ्ठ्या नव्हत्या.

मडगावपर्यंत खिडकीच्या उजेडात धरून
तिकिटावरचा आकडा मी पुन्हा पुन्हा वाचत होतो.