आठ मिलिसेकंद

वितळलेलं लोखंड कॅमेऱ्याला एकच आकडा सांगतं:
चार हजार पंच्याण्णव.
त्यापुढे बारा बिटांना मोजता येत नाही.
मी एक्स्पोजर खाली आणते.
चारशे मायक्रोसेकंद, शंभर, चाळीस,
आणि त्या नुसत्या पांढऱ्यात
मळीची साय धरलेली दिसू लागते,
सायीत भोवरा, भोवऱ्यात एक काळा ठिपका.
बाकी सगळी फाउंड्री विझते.

लॅडलच्या ओठाला तडा गेलाय का, ते बघायचं
तर आठ मिलिसेकंद डोळा उघडा हवा.
तडा दिसतो तेव्हा, दोन बोटं लांब,
आणि लोखंडाच्या जागी
सिगारेटने कागद जाळावा तसं भोक.

गेन वाढवून बघितला. अंधाराला मुंग्या आल्या.

"काय उजेड पाडलास गं, गाराझी?"
मागे एर्रामुन.
शुक्रवार त्याचा शेवटचा, मग त्याच्या जागी ही डबी.
खिशात निळ्या काचेचा तुकडा, चामड्याच्या चौकटीत,
चौतीस वर्षांच्या अंगठ्याने एका कोपऱ्याला झिजलेला.
त्यातून बघून तो लोखंडाचा ताप सांगायचा,
सायडरच्या बाटलीची पैज लावून,
आणि अख्ख्या देबाकाठी त्याला बाटली विकत घेताना
कुणी पाहिलं नाही.

मी सांगते, तीनदा बघायचं:
आखूड, मधलं, लांब. मग तिन्ही एकावर एक.
फक्त मधल्या वेळात जो हलला
त्याचं भूत होतं.
पडद्यावर इकेरला सहा हात.
"ओतायला तेवढे लागतातच," एर्रामुन म्हणतो.
मग जरा थांबून,
"ते लांबवालं एकटं दाखव."

दाखवते.
मधे पांढरा खड्डा, त्याकडे तो बघतसुद्धा नाही.
ते त्याने आयुष्यभर बघितलंय.
खड्ड्यापलीकडे भिंत, भिंतीवर खडूने केलेल्या बेरजा,
लटकवलेलं जॅकेट,
आणि दांड्यापाशी इकेर,
तोंडावरची काच नियमाविरुद्ध वर केलेली,
खालचा ओठ दातात.

त्याच दांड्यापाशी
वीस वर्षं इकेरचा बाप होता, बेन्यात.
आणि निळ्या काचेत लोखंड तेवढं दिसतं.
पलीकडचा माणूस म्हणजे काळोख,
काळोखातून येणारा आवाज:
पुढे, पुढे, बस.

एर्रामुन पडद्याजवळ येतो, नाक टेकेल इतका.
"ओततानाचं तोंड," म्हणतो.
पुढचं वाक्य येत नाही.
नंतर येतं ते दुसरंच:
"त्या कार्ट्याला सांग, काच खाली घे."

दुपारी लाइनवाल्यांचा निरोप: वेग अपुरा.
तिसरं एक्स्पोजर काढता येत नाही, तडा त्यातच दिसतो.
म्हणून चौकट कापली.
फक्त ओठापुरत्या एकशे वीस ओळी,
वर भिंत नको, खाली जमीन नको.
वेग बसला.
इकेर आता चित्रात नाही.

घरी जाताना एर्रामुनने दारातून विचारलं,
"ते सकाळचं, त्याला किती वेळ लागला म्हणालीस?"
"आठ मिलिसेकंद."
"म्हणजे किती?"

मी चुटकी वाजवायला हात उचलला,
पण चुटकीसुद्धा त्यामानाने फार लांब होती.

त्याने काचेवर फुंकर घातली,
शर्टाने पुसली,
दोन्ही बाजूंनी.