भुईकाटा

जळगावात माझी पहिली ओळख झाली
ती माणसांशी नाही, नंबरांशी.
एमएच एकोणीस म्हणजे इथल्याच गाड्या,
अठ्ठावीस बुलढाण्याकडून हरभरा आणणाऱ्या,
आणि अठरा...
अठरा दिसली की मी केबिनच्या खिडकीतून मान काढायची.
धुळ्याची असेल, शिरपूरची असेल,
काय सांगावं, साक्रीकडचीही.

लोटूभाऊंनी पहिल्या दिवशी शिकवलं ते एवढंच:
गाडी पूर्ण काट्यावर घ्यायची, चाक लोखंडाबाहेर नको.
ड्रायव्हर उतरला का, बघायचं.
आकडा थरथरतो, त्याला थांबू द्यायचं.
थांबल्याशिवाय बटण दाबायचं नाही, कोकिळा.

तिसऱ्याच गाडीला मी दाबलं.
चाळीस किलो तूर कुणाच्या तरी नावावरून उडाली
आणि महिनाअखेर माझ्या पगारातून परत आली.

पिंप्राळ्यात रेवाबाईंच्या मागची खोली.
पाणी तिसऱ्या दिवशी, पहाटे साडेचारला.
आधी नळ खोकतो, मग पाणी येतं.
सुरुवातीला बाई दार वाजवायच्या.
दिवाळीपर्यंत मी झोपेतच तो खोकला ओळखायला लागले,
आणि त्यांचंच दार वाजवायला लागले.

हिशेबाच्या टेबलावरची निकिता
माझं ‘तठे’ ऐकून हसली होती एकदा.
वाईट नव्हतं हसणं.
पण मी जीभ आत घेतली,
आभाळ आल्यावर दोरीवरचे कपडे घेतात तशी.
‘शे’चं ‘आहे’ झालं.
स्वप्नात काय बोलते, ते कोण ऐकणार?

जानेवारीत सुभान तडवींनी
खिडकीच्या फळीवर ओंजळभर बोरं ठेवली, मेहरूणची.
म्हणाले, “एवढ्याची पावती नको फाडू.”
बिया मी दिवसभर तोंडात घोळवत राहिले,
कुठे थुंकायच्या ते अजून ठरलं नव्हतं.

मे महिन्यात काट्याचं लोखंड असं तापलं
की फाटकावरचं कुत्रंसुद्धा वळसा घालून जायचं.
लाइट गेली की ओला टॉवेल आधी प्रिंटरला,
मग मला.
मायचा फोन आला.
“तठे ऊन कितलं शे वं?”
सेहेचाळीस, म्हटलं.
जराशी गप्प राहिली.
“आठे बी तितलंच शे.”
नव्हतं. आमच्या पिंपळनेरला चार-पाच कमीच असतं.
तिनं मुद्दाम चढवून सांगितलं,
माझ्या बरोबरीला यावं म्हणून.

परवा संध्याकाळी पावत्या जुळवत होते.
भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ.
एका कार्बनवर माझंच अक्षर:
एमएच अठरा. तूर. शेवाळे, पिंपळनेर.
वेळ तीन वाजून दहा मिनिटं.
तीन वाजून दहाला मी काय करत होते?
आठवलं.
पंख्याचं तोंड कुणाकडे, यावरून निकिताशी भांडत होते,
आणि भांडता भांडता दोघीही हसत होतो.
मान बाहेर काढलीच नाही.
त्या माणसानं सही केली असेल,
कदाचित माझ्याकडे बघितलंही असेल.

कागद हातात धरून बाहेर आले.
आवार रिकामं होतं.
काट्याच्या मधोमध उभी राहिले, चपला काढून,
का काढल्या कोण जाणे.
बाहेरच्या डब्यावर लाल आकडा थरथरला
आणि थांबला. पन्नास.

हा काटा दहाच्या खालचं मोजत नाही.
साक्रीच्या सरकारी दवाखान्यात मी सत्तेचाळीस भरले होते.
सत्तेचाळीस असले तरी इथे पन्नास,
त्रेपन्न झाले असले तरी पन्नासच.
या गावानं माझ्यात काय भरलं,
काय उतरवून घेतलं,
ते कळायला दुसरा काटा लागेल.

फाटकावर हॉर्न वाजला.
लोखंड अजून कोमट होतं.
चपला हातात घेऊनच केबिनकडे पळाले.
गाडी पूर्ण आत घेतली,
ड्रायव्हर उतरला का, बघितलं,
आकडा थांबू दिला.